जाडाकडून बारीककडे: घरच्या घरी कातकाम

लाटणं, रवी, भोवरा, कुंकवाचा करंडा, पाळण्याचे कातीव दांडे, देव्हाऱ्याचे खांब. आपल्या घरातल्या या सगळ्या वस्तू एकाच यंत्रावर घडतात, ते म्हणजे लेथ. सुतार लाकूड घट्ट धरून अवजार चालवतो. कातारी लाकूडच फिरवतो आणि अवजार टेकूवर धरून त्याला भिडवतो. नवशिक्याला या फरकाचा मोठा फायदा होतो. सुतारकामात काटकोन साधायला आणि सांधे बसायला महिने जातात. कातकामात पहिल्याच रविवारी हातात काहीतरी गोल, गुळगुळीत आणि वापरता येण्याजोगं येतं.

हा छंद लागतो चटकन, आणि बरेच जण तो तितक्याच चटकन सोडूनही देतात. कारणं ठरलेली असतात: मोठं यंत्र, बोथट अवजारं, चुकीचं लाकूड आणि थेट मोठ्या वाडग्यालाच घातलेला हात. खरं तर इथे शिकायच्या मुख्य गोष्टी दोनच, अवजाराची धार आणि लाकडाचे तंतू. त्या एकदा कळल्या की उरतो तो सराव. त्यामुळे पैसे आणि वेळ कुठे घालायचा हे आधी ठरवू.

यंत्र किती मोठं हवं?

लेथ घेताना दोन मापं पाहायची. एक स्विंग, म्हणजे त्यावर जास्तीत जास्त किती व्यासाचं लाकूड फिरू शकतं. दुसरं, दोन्ही टोकांच्या सेंटरमधलं अंतर, म्हणजे किती लांब लाकूड मावतं. घरगुती छंदासाठी १० इंच स्विंग आणि सुमारे १८ इंच अंतराचा मिनी लेथ पुरेसा होतो. त्यावर लाटणं, रवी, करंडा, मेणबत्तीचा स्टँड, सहा-आठ इंची वाडगा हे सगळं होतं. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर म्हणजे जेमतेम पावणेचारशे वॅट. घरातल्या साध्या प्लगवर ती चालते, फक्त अर्थिंग चांगलं असल्याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या.

वेग कमी-जास्त करता आला पाहिजे आणि सर्वांत कमी वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास किंवा त्याखाली असावा. स्पिंडलचे (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याचे) आटे प्रचलित मापाचे आहेत ना, हे दुकानदाराला विचारा. वेगळ्याच मापाचे असले, तर पुढे चक (लाकूड जबड्यांत धरणारी पकड) घेताना अडचण होते. ड्रिल मशीनला जोडायचे किंवा खेळण्याएवढे छोटे लेथ मण्यांपुरते ठीक आहेत. लाटण्याचा ताण ते सोसत नाहीत.

यंत्र टेबलाला बोल्टने आवळा. स्पिंडल तुमच्या कोपराच्या उंचीवर आला पाहिजे. तो खाली राहिला तर तासाभरात कंबर धरते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर टेबलाच्या पायांखाली जाड रबर घाला आणि शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ सोडून काम करा. लेथचा आवाज करवतीपेक्षा बराच कमी असतो, पण टेबल थरथरायला लागलं की खालच्या मजल्यावर समजतंच.

चार अवजारं आणि एक ग्राइंडर

आठ-दहा अवजारांचा संच स्वस्तात मिळतो, म्हणून मोह होतो. त्यातली निम्मी वर्षभर पेटीतच राहतात. सुरुवातीला चार पुरतात. रफिंग गाऊज चौकोनी लाकूड गोल करण्यासाठी, स्पिंडल गाऊज मणी आणि खळगे काढण्यासाठी, पार्टिंग टूल खाच पाडून मापं घ्यायला आणि तुकडा वेगळा करायला, आणि एक गोल टोकाचं स्क्रेपर. ती हायस्पीड स्टीलची घ्या. साध्या पोलादाची अवजारं ग्राइंडरवर तापून निळी पडतात आणि मग धार धरत नाहीत. तिरप्या धारेचं स्क्यू चिझल अत्यंत देखणा काप देतं, पण ते वठणीवर यायला वेळ लागतो. सहा महिन्यांनी घेतलंत तरी काही बिघडत नाही.

या चार अवजारांइतकंच महत्त्व ग्राइंडरला आहे. सागासारख्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे धार भराभर उतरते. साग कातताना दर दहा-पंधरा मिनिटांनी ग्राइंडरकडे जावं लागलं तर त्यात नवल नाही. धार लावण्याची एक सोपी युक्ती आहे. धारेमागचा जो तिरपा ढाळ असतो, त्याला मार्कर पेनने काळं करा. ग्राइंडर बंद ठेवून चाक हाताने फिरवत अवजार हलकेच टेकवा. शाई फक्त मागच्या कडेला पुसली गेली तर मूठ थोडी वर घ्या, फक्त धारेजवळ पुसली गेली तर खाली घ्या. ढाळाच्या पूर्ण रुंदीवरून शाई गेली की कोन जुळला. मग चाक सुरू करायचं आणि दाब न देता अवजार एकदाच फिरवून घ्यायचं. धार लावणं म्हणजे पोलाद खरवडणं, हा समज इथेच सोडून द्या. एका वेळी केसाएवढं पोलाद गेलं तरी पुरतं.

बोथट अवजाराची लक्षणं लवकर ओळखायला शिका. धारदार अवजारातून लांब, वळणदार सालपं निघतात. बोथट झालं की भुसा पडू लागतो आणि तुमचा दाब नकळत वाढतो. दाब वाढला की अवजार अडकतं, आणि अपघात तिथेच होतात.

लाकूड विकत घेण्याआधी

वखारीत जाण्याआधी आजूबाजूला बघा. पावसाळ्यापूर्वी शहरांत फांद्यांची छाटणी होते आणि पेरू, आंबा, चिंच, सुबाभूळ, शिरीष यांचे ओंडके रस्त्याकडेला पडून असतात. उचलण्याआधी विचारा. महाराष्ट्रातल्या शहरी भागात झाडं तोडण्यावर १९७५च्या कायद्याने बंधनं आहेत आणि त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे झाड उभं असताना स्वतः कुऱ्हाड चालवण्याच्या भानगडीत पडू नका. छाटलेल्या फांद्या ठेकेदार बहुतेक वेळा आनंदाने देतो. वखारीत किंवा फर्निचरच्या कारखान्यात साग, बाभूळ, शिवण यांचे तोकडे तुकडे जळणाच्या भावात मिळतात. आपल्याला आठ इंच पुरतं, आणि सुताराला आठ इंचाचा उपयोग नसतो.

भोवऱ्याला पेरू किंवा बाभूळ उत्तम: बारीक पोताचं, घट्ट, वजनदार. लाटण्याला बाभूळ किंवा साग. खेळण्यांना हलकं, फिकट लाकूड लागतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला आणि आंध्रातल्या एटिकोप्पाकाला लाखेची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडातून होतात, ती याच कारणासाठी: मऊ, एकसारखं आणि गुळगुळीत होणारं. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि सहज मिळतं, पण त्याचे तंतू उलटसुलट असतात. अवजार जरा बोथट झालं की पृष्ठभाग फाटतो. शिकायला ते चांगलं, कारण चूक लगेच दिसते.

बिब्बा आणि कण्हेर यांच्या वाटेला जाऊ नका. बिब्ब्याच्या रसाने अंगावर फोड उठतात आणि कण्हेरीचं सगळं झाड विषारी आहे. ज्या लाकडाची ओळख नाही त्याचं खाण्याच्या वापरातलं काही करू नका.

ओलं लाकूड सुकताना फुटतं. ओंडका आणला की त्याच दिवशी बरोबर मध्यबिंदूतून उभा चिरा, कारण चिरा पडतात त्या तिथूनच. दोन्ही तोंडांना मेण, जुना ऑइलपेंट किंवा फेविकॉलचा जाड थर द्या, म्हणजे तोंडातून ओल झपाट्याने उडणार नाही. वर तारीख आणि झाडाचं नाव लिहून सावलीत ठेवा. इंचभर जाडीला एक वर्ष, हा जुना हिशेब अजूनही कामी येतो. तेवढा धीर नसेल तर वखारीतलं मुरलेलं लाकूड घ्या.

स्विच दाबण्याआधी

इथे सवलत नाही. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड हवं, नुसता गॉगल पुरत नाही. मास्क एन-९५ दर्जाचा असावा, कारण पॉलिश पेपरची धूळ छातीत जाऊन बसते. हातमोजे घालायचे नाहीत. मोजा फिरत्या लाकडात गुंतला तर तो हातासकट ओढला जातो. याच कारणाने ओढणी, पदर, लांब बाह्या, मोकळे केस, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, अंगठी, हातातला दोरा हे सगळं आधी बाजूला. पॉलिश लावायला फडकं वापरू नका, टिश्यू किंवा किचन पेपर वापरा. तो अडकला तर फाटतो, बोट वाचतं.

टेकू लाकडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि तो सरकवायचा असेल तर यंत्र बंद करूनच सरकवा. सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवून बघा, कुठे टेकूला लागत नाही ना. चकची चावी काढली का, ते बघा. स्विच दाबताना लाकडाच्या समोर उभं राहू नका, बाजूला राहा.

वेगाचा एक सोपा हिशेब आहे: व्यास इंचात घेऊन फेऱ्यांनी गुणला, तर गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान यावा. सहा इंची वाडग्याला १००० ते १५०० फेऱ्या. दोन इंची दांड्याला या हिशेबाने किमान ३००० निघतात, पण नव्या माणसाने त्याच्या निम्म्यावरच राहावं. लाकूड ओबडधोबड असेल तर सर्वांत कमी वेगाने सुरुवात करा, मग हिशेब काहीही सांगो.

पहिली वस्तू: भोवरा

दोन इंच चौरस आणि चार-पाच इंच लांब तुकडा घ्या. दोन्ही तोंडांवर कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघा मारल्या की मध्य सापडतो. एका तोंडात स्पर सेंटर (लाकूड फिरवणारा दातेरी तुकडा) लाकडी हातोडीने ठोकून बसवा. हे यंत्राबाहेर करा, लेथवर ठोकलं तर बेअरिंगला धक्का बसतो. मग तुकडा दोन सेंटरमध्ये धरून टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा सरकता भाग) आवळा आणि लॉक करा.

आता अवजार. क्रम कायम एकच: आधी अवजार टेकूवर टेकवा, मग धारेमागचा ढाळ फिरत्या लाकडावर नुसता घासू द्या, आणि मग मूठ हळूहळू वर उचला. एका क्षणी धार लाकडाला लागते आणि सालपं सुटतात. अवजार आधी लाकडाला लावून मग टेकूवर टेकवायला गेलात तर ते आपटणार, हे नक्की. रफिंग गाऊज टेलस्टॉकच्या टोकाला धरून सुरुवात करा, थोडं घ्या, टोकाकडे काढा, मग थोडं मागून पुन्हा टोकाकडे काढा. मधोमध सुरुवात केली तर कोपऱ्याची मोठी ढलपी उडते.

लाकूड चौकोनी असेपर्यंत ‘खटखट’ असा तुटक आवाज येतो. कोपरे जातात तसा तो जवळजवळ येतो आणि शेवटी एकसलग ‘सर्र’ होतो. आवाज बदलला की यंत्र बंद करून बघा. बहुधा एखाद्या बाजूला चपटा पट्टा उरलेला असतो.

गोल झाल्यावर पेन्सिलने तीन खुणा करा: डोकं, सर्वांत रुंद भाग आणि टोक. टोक टेलस्टॉकच्या बाजूलाच ठेवा, कारण पुढे कळेल. आता स्पिंडल गाऊज घ्या आणि रुंद भागापासून टोकाकडे उतरत या. कातकामातला सर्वांत महत्त्वाचा नियम हाच: दोन सेंटरमधल्या कामात कायम जाडाकडून बारीककडे. त्या दिशेने कापताना प्रत्येक तंतूखाली दुसऱ्या तंतूचा आधार असतो आणि तो स्वच्छ तुटतो. उलट गेलात तर तंतू मुळासकट उचकटले जातात आणि खरबरीत पट्टा उरतो. खळगा काढताना दोन्ही कडांनी तळाकडे यायचं, मणी काढताना माथ्यावरून दोन्ही बाजूंना उतरायचं. ही एक गोष्ट हातात बसली की अर्धं कातकाम आलं.

जाळी (भोवऱ्याला गुंडाळायची दोरी) नीट बसावी म्हणून टोकाकडच्या उतारावर पार्टिंग टूलच्या कोपऱ्याने तीन-चार बारीक खाचा पाडा. टेकू काढून ठेवा आणि वेग कमी करून १२०, १८०, २४०, ३२० अशा क्रमाने पॉलिश पेपर फिरवा. प्रत्येक नंबरनंतर यंत्र थांबवून तंतूंच्या दिशेने हाताने एकदा घासा, म्हणजे गोल ओरखडे राहत नाहीत. मग लेथखाली पडलेली सालपं मूठभर उचलून फिरत्या भोवऱ्याच्या खालच्या बाजूने हलकेच दाबा. त्याच लाकडाची सालपं जी झिलई देतात ती बघण्यासारखी असते.

डोक्याच्या बाजूचा दांडा पेन्सिलीएवढा बारीक होईपर्यंत पार्टिंग टूलने कापा, यंत्र बंद करा आणि उरलेला भाग करवतीने तोडा. टोकाकडे बघा: टेलस्टॉकच्या सेंटरने पाडलेली बारीक खूण अजून तिथे आहे. भोवरा ज्या अक्षाभोवती घडला, त्याच अक्षावर ती खूण आहे. तिथेच सरळ भोक पाडून आर ठोकली तर भोवरा स्थिर फिरतो. केसभर सरकली तर तो थयथयाट करतो.

त्यानंतर लाटणं, मग करंडा

एक भोवरा झाल्यावर लगेच दुसरी वस्तू घेऊ नका. पाच भोवरे करा. पाचवा पहिल्याशेजारी ठेवला की काय शिकलात ते डोळ्यांना दिसतं.

लाटणं दिसतं साधं, पण त्यात नवी अडचण असते. लांब, सडपातळ लाकूड मधोमध लवतं आणि थरथरतं, आणि पृष्ठभागावर पिळाच्या बारीक रेघा उमटतात. टेलस्टॉक जास्त आवळला तर लाकूड आणखी वाकतं, म्हणून दाब थोडा सैल करा. अवजार नुकतंच धारेवर लावून घ्या. उजवा हात मुठीवर, डाव्या हाताचा अंगठा अवजारावर आणि बोटं लाकडाच्या मागून हलकी टेकलेली, असा आधार द्या. बोटं गरम झाली तर दाब जास्त आहे असं समजा. मध्यभाग टोकांपेक्षा किंचित जाड ठेवा. पोळी लाटणाऱ्या माणसाला विचारून माप ठरवलंत तर उत्तम.

करंड्यासाठी चक लागतो, कारण आतून पोकळ करताना टेलस्टॉक बाजूला घ्यावा लागतो. खरी परीक्षा झाकणाची. लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं आणि आक्रसतं, आणि ते सगळ्या दिशांनी सारखं नाही: वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेच्या सुमारे दुप्पट आक्रसतं. म्हणून आज अगदी गोल असलेला करंडा महिन्याभरात जरासा लंबगोल होतो. पुण्यात मे महिन्यात टक्क बसवलेलं झाकण जुलैत अडकून बसतं. उपाय असा: आतून जाडसर पोखरून करंडा आणि झाकण महिनाभर कपाटात ठेवा, हालचाल होऊ द्या, मग शेवटचं माप घ्या आणि झाकण थोडं सैल ठेवा.

वाडगा सर्वांत शेवटी. त्यात लाकूड आडवं धरलेलं असतं, त्यामुळे एका फेरीत अवजाराला दोनदा तंतूंची तोंडं लागतात. बाहेरून तळाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून तळाकडे, अशी दिशा बदलते. यासाठी बाउल गाऊज वेगळं घ्यावं लागतं. रफिंग गाऊज वाडग्यावर चुकूनही वापरू नका. त्याची मुठीतली शेपटी बारीक असते, ती झटक्याने तुटून अवजार उडालेलं आहे.

तेल, मेण आणि लाख

लाटणं आणि रवी यांना वॉर्निश किंवा रंग लावू नका. लावायचंच असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चोळा किंवा मधमाश्यांचं मेण. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही आणि पुढे खवट वास धरतं. जवसाचं कच्चं तेल वाळतं आणि छान रंग देतं, पण रंगाच्या दुकानातल्या ‘बॉइल्ड’ जवसतेलात सहसा ते लवकर वाळावं म्हणून धातूंची संयुगं मिसळलेली असतात. ते खाण्याच्या वस्तूंना नको. जवसतेलाने ओला केलेला कागद किंवा फडकं चुरगळून टाकू नका. वाळताना ते तापतं आणि आपोआप पेटू शकतं. पसरून वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा.

खेळण्यांना आणि करंड्याला लाख शोभते. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाने ती वितळून पसरते, आणि वाळलेलं केवड्याचं पान दाबून फिरवलं की थर एकसारखा होऊन चमकतो. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाकाच्या कारागिरांची ही रीत घरच्या लेथवरही साधते. सोपा मार्ग हवा तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कागदाने लावा. उष्ण भांडं किंवा पाण्याचा ग्लास ठेवायच्या वस्तूंवर मात्र लाख टिकत नाही.

शिकवणारा शोधताना

व्हिडिओ पाहून हात कसा हलतो ते दिसतं, पण किती दाब द्यायचा ते कळत नाही. ते हातानेच कळतं. तुमच्या गावात पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे कातून देणारा कारागीर नक्की असेल. दोन तास त्याच्या शेजारी उभे राहा आणि तो अवजार कुठल्या उंचीवर धरतो ते बघा. कोकणात जाल तेव्हा सावंतवाडीच्या चितारआळीत वेळ काढा: तिथली लाकडी फळं आणि खेळणी हातात घेऊन वळवून बघितली तर कुठला भाग लेथवर आला आणि कुठला हाताने कोरला हे ओळखता येऊ लागतं. वाचायचं असेल तर रिचर्ड रॅफन यांचं ‘टर्निंग वूड’ आणि कीथ रॉली यांचं ‘वूडटर्निंग: अ फाउंडेशन कोर्स’ ही दोन पुस्तकं पायाभूत मानली जातात. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी १९८६ साली सुरू झालेल्या ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वूडटर्नर्स’च्या गावोगावी शाखा आहेत, तिथे अनुभवी सदस्यांकडून प्रत्यक्ष शिकायला मिळतं.

पहिल्या तीन महिन्यांसाठी एवढंच ठरवा: महिनाभर नुसते भोवरे, दुसरा महिना लाटण्यांचा, तिसरा एका करंड्याचा. प्रत्येक वेळी लेथ सुरू करण्याआधी धार लावायची, आणि बिघडलेला प्रत्येक तुकडा फेकण्याआधी तंतू कुठे उचकटले ते बघायचं. एवढं नेमाने केलंत, तर चौथ्या महिन्यात घरचे लोक काय काय करून हवंय त्याची यादी देऊ लागतील. तेव्हा नाही म्हणायलाही शिका.